वेळू, फवारणीचा पंप की ६ हजाराचा सेट? काचा पुसायच्या सामानाबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. गावात नवीन दुमजली मंगल कार्यालय झालं, समोरून अख्खी काच, आणि महिन्यातून दोनदा ती पुसून द्यायचं वर्षभराचं काम मालक तुम्हाला देऊन रायला. ऑनलाइन सेट ६ हजाराचा दिसते. तुमचं म्हणणं असं की घरी वेळू आहे, फवारणीचा पंप आहे, सायकलची जुनी ट्यूब आहे, लिक्विड तर घरीच बनते, मग पैसे काहून घालवायचे, आणि घरच्या सामानानं जिवाला काही धोका तर नाही ना.

मी १७ वर्षं हेच करून रायलो. पहिले नागपूरले एका ठेकेदाराकडं हेल्पर होतो, आता इकडं आमच्या भागात बँका, शाळा, जिनिंगची ऑफिसं, गाड्यांची शोरूम अशी कामं घेतो. माझ्याकडं आजही अर्धं सामान घरचं आहे. म्हणून घरचं म्हणजे धोक्याचं आणि विकतचं म्हणजे बिनधोक असं मी सांगणार नाही, कारण तसं नाहीच. मी सामान हातात घेतलं की एकच पाहतो, हे ऐनवेळी तुटलं, सुटलं, गळलं तर काय होईल? फडकं फाटलं तर दुसरं घेऊ. ट्यूबचं रबर निघालं तर काचेवर रेघ पडंल. पण शिडीचा दांडा निघाला तर कंबर गेली, आणि वेळू तारेले लागला तर मग विषयच संपला. तर जे फक्त काचेले लागते ते घरी करा, खुशाल करा. जे तुमचं वजन पेलते, जे वरतं तारेच्या उंचीवर जाते आणि जे नाकातोंडात जाते, त्याच्यात जुगाड नको.

आता तुमच्या यादीतली सगळ्यात वाईट गोष्ट पहिले घेतो, तो फवारणीचा पंप. तुम्हाला वाटत असंल की वेळू धोक्याचा, पंपाचं काय, धुऊन घेतला की झालं. मलेही तसंच वाटायचं. माझ्याकडचा एक पोरगा साळ्याच्या वावरातून पंप घेऊन आला होता, आदल्या संध्याकाळी पऱ्हाटीवर फवारलेला. माझ्यासमोर त्यानं टाकी दोनदा धुतली, निरमा टाकून धुतली. मग काचेवर पाणी मारायले सुरुवात केली, वाऱ्यानं तुषार तोंडावर येऊन रायले आणि हा हसून रायला की गार लागते म्हणून. अर्ध्या तासात डोळ्यातून पाणी, डोकं दुखते म्हणे, मग मळमळ. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरचा पहिला प्रश्न, पंपात याच्या आधी काय होतं. मी गप्प, कारण मी विचारलंच नव्हतं. पोरगा संध्याकाळपर्यंत बरा झाला, पण घरी येऊन मी तो पंप खोलून पाह्यला तेव्हा समजलं. टाकी धुतली जाते, पण दट्ट्याच्या खालच्या नळकांड्यात, रबरी पाइपात आणि पुढच्या लान्समध्ये, म्हणजे फवारा मारायच्या लांब नळीत, औषध राहतेच. ते आपण पहिल्या पाच मिनिटांत बारीक धुकं करून स्वतःच्याच तोंडावर उडवतो, त्यातही मान वर, तोंड उघडं. आपल्या इकडची फवारणीची औषधं नाकातूनच जातात असं नाही, अंगावरच्या कातडीतूनही आत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या वर लोक गेले, ते आपल्यापैकी कोणी विसरलं नसंल. आणि काचेच्या कामात उलटाही धोका आहे, ज्या काचेवर तुम्ही ते पाणी मारलं त्याच्याखाली उद्या पंगत बसणार आहे.

तर वावरातला पंप नाही म्हणजे नाही, कितीही धुतला तरी नाही. औषधाची रिकामी बाटली, डबा, कॅन, तेही नाही. नवा कोरा पंप घेतला, त्यावर ऑइल पेंटनं मोठं ‘फक्त काच’ लिहिलं, आणि तो घरातल्या फवारणीच्या सामानापासून वेगळ्या खोलीत ठेवला तर चालते. पण खरं सांगू का, पंपाची गरजच नाही. काचेले फवारा लागत नाही, ओला पोछा लागते. बकेट भरून पाणी आणि मेंढीच्या लोकरीसारखी जी कापडी खोळ मिळते आडव्या दांडीवर चढवायची, ती. ती नसंल तर जुन्या टर्किश टॉवेलची खोळ शिवून आडव्या लाकडाले चढवा, माझ्या बायकोनं शिवलेल्या खोळी मी आजही वापरतो, विकतच्यापेक्षा पाणी जास्त धरतात.

आता वेळू. वेळू वाळलेला असंल तर करंट जात नाही असं आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो, आणि लोक तारेवरचा पतंगसुद्धा वेळूनं काढतात. पण काच पुसताना वेळू कोरडा राहतो कुठं? पोछा वरतं दाबला की साबणाचं पाणी दांड्यावरून खाली उतरते, मनगटावरून कोपरावर, कोपरातून थेट काखेत. काम संपेपर्यंत अर्धी बाही ओली असते, तेच पाणी वेळूच्या भेगांमधी जिरलेलं असते. माझी गोष्ट सांगतो. पहिला पाऊस होऊन गेलेला, वेळू रात्रभर आंगणातच पडलेला होता, आणि पोछा मी वरतं लोखंडी जीआय तारेनं बांधलेला. एका दुकानाच्या वरच्या काचेवर काम चालू होतं, बाजूनं सर्विस वायर, म्हणजे खांबावरून दुकानात येणारी लाइटची वायर, गेलेली आणि तिचं रबर एका ठिकाणी उन्हानं फुटलेलं होतं. मी पाहत होतो काचेकडं, तारेकडं नाही. दोन्ही हात कोणीतरी आवळून धरल्यासारखे झाले, सोडायचं म्हटलं तरी सुटेना. पाय घसरून मी खाली पडलो म्हणून वेळू सुटला, नाहीतर आज हे लिहायले मी नसतो. आणि ती साधी घरगुती लाइन होती, २३० व्होल्ट. रस्त्यानं जी ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, लाइन जाते तिच्या तारा उघड्या असतात, वरतं काही आवरण नसते, आणि तिले टेकायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी करंट उडी मारते.

आता तुम्ही म्हणाल की मग विकतचा पोल घेतो. थांबा. बाजारात जे स्वस्तातले ओढून लांब करायचे पोल येतात ते बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, म्हणजे वेळूपेक्षाही वाईट. खाली हाताले जी काळी रबरी मूठ असते ती हात घसरू नये म्हणून असते, करंटसाठी नाही. कार्बन फायबरचे पोल लय हलके, महागही, पण त्यातूनही करंट जाते, हे लय लोकांना माहीत नाही, नावात फायबर दिसलं की बिनधास्त होतात. फायबरग्लासचा त्यातल्या त्यात बरा, पण तोही कोरडा आणि स्वच्छ असंल तरच, त्याच्यावरून साबणाचं पाणी वाहून रायलं तर तोही भरवशाचा नाही. म्हणजे इथं घरचं-विकतचं याच्यानं काहीच फरक पडत नाही, फरक पडते तार कुठं आहे याच्यानं. मी स्वतः तारेपासून १० फूट धरतो, ते पण पोल पूर्ण लांब केल्यावर त्याच्या टोकापासून, माझ्यापासून नाही. ११ केव्ही समोरून जात असंल तर त्या बाजूचं काम लाइनमनले बोलल्याशिवाय मी घेतच नाही.

तारा लांब आहेत, मोकळं आंगण आहे, अशा ठिकाणी मात्र विकतचा पोल खरंच कामाचा आहे. कारण शिडीच लागत नाही. दुमजली काच जमिनीवर उभं राहून होते आणि पडायचा विषयच मिटते. वेळू १८ फुटाचा घेतला, ओला पोछा बांधला, तर तो इतका जड होते की तासाभरात मान आणि खांदे भरून येतात, आणि थकलेल्या हातातून तो खाली कोणाच्या डोक्यावर पडंल सांगता येत नाही. तारेनं बांधलेला पोछा ढिला होऊन पडते तो वेगळाच, शिवाय हाताले फास टोचते. ओढायच्या पोलचीही खोड आहे बरं, त्याचे लॉक. स्वस्तातल्याचं प्लास्टिक लॉक आपल्या इकडच्या उन्हात एक उन्हाळा टिकते, मग वरचा पाइप सटकून खालच्यात येते आणि मधे बोट असंल तर चांगलंच चेंगरते. मी दर वेळी पोल लांब केला की जमिनीवर उभा टेकवून वरून दाबून पाहतो, सरकला तर त्या दिवशी तो पोल घरी.

शिडी लागलीच तर. आमच्याकडं जुने लोक निसनी म्हणतात, वेळूची, मधे दांडे घालून दोरानं बांधलेली. रंगकाम करणारे आजही तीच वापरतात आणि मी काही त्यांना नावं ठेवत नाही, पण ते ती रोज वापरतात, रोज दोर पाहतात. तुमची महिन्यातून दोनदा निघणार, मधले १४ दिवस उन्हापावसात पडून राहणार, आणि आतून वाळवीनं खाल्लं की वरून दिसत नाही. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपाची बनवून घेतात काही लोक, ती मजबूत वाटते पण जड असते, एकट्यानं उभी करताना तोल जाते, आणि जोडाच्या आतून गंजते. इथं मी सरळ सांगतो, शिडी विकतचीच घ्या, किती किलो पेलते ते तिच्यावर लिहिलेलं पाहिजे, बहुतेकींवर १५० किलो असते, त्यात तुमचं वजन अधिक भरलेली बकेट धरायची. ॲल्युमिनियमची असंल तर तारेची गोष्ट पुन्हा तीच. लावताना ४ फूट उंचीले १ फूट पाय बाहेर, म्हणजे १२ फुटावर टेकली तर बुड भिंतीपासून ३ फूट. खाली चिखल असंल, गट्टू हलत असतील तर फळी टाका आणि एक माणूस धरायले ठेवा. आणि शिडी काचेले टेकवू नका बाप्पा, बाजूच्या भिंतीले टेकवा.

कमरेले दोर बांधून गच्चीवरून लोंबकळायचं असं तुम्ही लिहिलं नाही, पण पुढं मालक म्हणंल की वरचा कोपरा राहिला, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बैलाचा, विहिरीचा दोर या कामाचा नाही. नायलॉनचा दोर उन्हात पडून पडून कमजोर होते, आणि नुसतं पाहून ते समजंलच असं नाही. आणि कमरेले एकाच जागी दोर असला की झटका बसताना पोटातलं सगळं तिथंच आवळते. त्याच्यासाठी पूर्ण अंगाचा पट्टा येते, मांड्यांतून आणि खांद्यांवरून जाणारा, त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असते. पण तो नुसता घेऊन होत नाही, वापरायचं शिकावं लागते, वरतं दोर कशाले बांधायचा हे समजावं लागते. ते शिकलेले नसाल तर तो कोपरा राहू द्या.

आता तुमची सायकलची ट्यूब. लाकडाच्या फटीत ट्यूबची पट्टी बसवून वायपर करायचा, तुमचं डोकं चांगलं आहे, मीही केला होता. धोका काही नाही असं वाटते, पण थोडा आहे, तो असा. ट्यूबची धार सरळ नसते, ती पाणी ओढत नाही, मग आपण दाबतो. जमिनीवर उभं राहून दाबलं तर काही नाही, शिडीवर उभं राहून काचेले जोर लावला की काच तुम्हाला तितक्याच जोरानं मागं ढकलते. शिडीवरून पडणारे लय लोक असेच, हात लांब करून दाबताना पडतात. चांगल्या वायपरले जोर लागतच नाही, नुसता फिरवायचा. आज जो साधा टी आकाराचा वायपर मिळते त्याचं पेटंट १९३६ चं आहे, एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या काच पुसणाऱ्या माणसानं घेतलेलं. त्याच्या आधीचे लोखंडी वायपर जड, रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू खोलायचे. त्यानं पितळेचा हलका केला आणि रबराची एकच पातळ धार ठेवली. म्हणजे आपल्यासारख्याच कामाच्या माणसानं केलेला जुगाडच तो, फक्त नीट केलेला. हार्डवेअरच्या दुकानात १२-१४ इंची ३०० ते ५०० रुपयाले येते, घ्या. रबर बोथट झालं की उलटं करून दुसरी धार वापरा.

लिक्विडचं सोपं आहे आणि भयंकरही आहे. सोपं असं की १० लिटर पाण्यात भांड्याचं लिक्विड एक छोटा चमचा, बास. जास्त टाकलं की फेस धुण्यातच दिवस जाते. भयंकर कुठं होते, तर डाग निघत नाही म्हणून माणूस एकात एक टाकायले लागते. ब्लीचिंग किंवा क्लोरिनचं पाणी आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू निघते, व्हिनेगर टाकलं तरी निघते, आणि ब्लीच अमोनियाच्या लिक्विडमधी टाकलं तर वेगळाच विषारी वायू होते. एका बंद हॉलमधी, कार्यालयाच्या बाथरूमच्या खिडकीवर असं झालं तर माणूस दार शोधेपर्यंत खोकून बेजार होते. बकेट रिकामी दिसते पण तळाले आधीचं असते, हे लक्षात ठेवा. रॉकेल आणि पेपरनं काच पुसायची जुनी पद्धत आहे, काच चमकते खरं, पण कार्यालयात स्वयंपाकघर आणि गॅस आहे, रॉकेलचं फडकं तिथं नको.

आणि घरी बनवलेलं लिक्विड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, हे हात जोडून सांगतो. लग्नाचं घर, पोरं फिरून रायली, निळं-हिरवं पाणी बाटलीत दिसलं की पोरगं तोंडाले लावणारच. बाटली दुसरीच पाहिजे, वरतं मार्करनं नाव पाहिजे.

विकतच्या लिक्विडमधीही एक वाईट आहे. काचेवरचे पांढरे डाग पाच मिनिटात साफ, असं सांगून बिननावाच्या बाटल्या विकतात. त्यातल्या काहींत फ्लोराइडवालं ॲसिड असते, ते काच खाते म्हणूनच डाग जाते. कातडीवर पडलं तर आधी दुखतही नाही, घंट्याभरानं आतून जाळते आणि शरीरातलं कॅल्शियम ओढते, थोड्याशा जागेवर पडलं तरी जिवावर बेतू शकते. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसंल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

हे डाग येतात कुठून तर आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यातून. बोअरचं पाणी काचेवर उन्हात वाळलं की चुना राहते. म्हणून मी शेवटचं पाणी बोअरचं मारतच नाही, गावात २० लिटरचा आरओचा कॅन येते ना, तो एक कॅन घेतो, आणि पाणी काचेवर वाळू देत नाही. डागच पडला नाही तर ॲसिडची गरज कशाले? जुने डाग असतील तर व्हिनेगर अर्धं, पाणी अर्धं, कापड भिजवून १० मिनिटं लावून ठेवायचं. फक्त खालची पट्टी कडप्प्याची असंल तर तिच्यावर थेंब पडू देऊ नका, कडप्पा म्हणजे चुनखडीच, ॲसिडनं पांढरा पडते आणि मालक पैसे कापते.

वेळेचं थोडक्यात. एप्रिल-मेमधी आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जाते, तेव्हा सकाळी ६ ते ९ मधीच काम, तेही ज्या बाजूले ऊन आलं नाही त्या बाजूनं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर साधी काच तडकू शकते, आणि तुम्ही खाली उभे असता. सुरू करायच्या आधी छज्ज्याखाली गांधीलमाशीचं पोळं, मोहोळ आहे का ते दुरून पाहून घ्या. वर कबुतरं असतील तर विष्ठा कोरडी खरडू नका, ओली करा, तोंडाले रुमाल. वर पाहून काम करता म्हणून डोळ्याले चष्मा, साधा ६०-७० रुपयाचा. रबरी हातमोजे.

आता तुमचे ६ हजार. अख्खा सेट घेऊ नका, त्यात अर्ध्या वस्तू कामाच्या नसतात, ते दोन्हीकडून चुंबकानं चिकटणारं पुसणं तर मुळीच नको, काचेच्या जाडीशी जमलं नाही तर बाहेरचा तुकडा वरून दगडासारखा पडते. वायपर एक, लॉक चांगलं असलेला फायबरग्लासचा पोल एक, चष्मा, हातमोजे, यावर खर्च करा. पोछ्याच्या खोळी घरी शिवा, बकेट घरची, लिक्विड घरचं, पुसायचं फडकं जुन्या सुती धोतराचं, त्याच्याइतकं चांगलं विकत मिळत नाही. शिडी लागत असंल तर ती मालकाले घ्यायले लावा, कार्यालयाले बल्ब बदलायले पण लागतेच.

पण तुम्ही एक लिहिलं नाही, कार्यालयासमोरून तार जाते का, आणि जात असंल तर कोणती, काचेपासून किती फूट. गावच्या लाइनमनले सोबत घेऊन एक चक्कर मारा, सर्विस वायर कुठून आत गेली तेही दाखवून घ्या. नसंल सापडत तर महावितरणच्या १९१२ वर फोन करा. ते काय म्हणतात ते मला सांगा, तोपर्यंत मालकाले तारीख देऊ नका.